मालकाच्या विमानातून मालाच्या विमानात : वेंगुर्ल्याच्या एका वैमानिकाचं प्रकरण

मी वेंगुर्ल्यात राहतो. उमेदीची वर्षं विमानात गेली. त्यातली शेवटची चौदा मालवाहू विमानांवर, आणि त्यातलीही निम्मी तरुणांना शिकवण्यात. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली मुलं लॉगबुक काखेत मारून घरी येतात. बहुतेकांचा प्रश्न पहिल्या नोकरीचा असतो. हे प्रकरण तसं नाही. याच्याकडे बारा वर्षांची नोकरी होती, डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसत होता, पगार वेळेवर होत होता, आणि तरी त्याला तिथून निघायचं होतं. त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या परवानगीने लिहितो आहे. नाव, कंपन्या आणि आताच्या तळाचं शहर सांगत नाही. तासांचे आकडे ढोबळ केले आहेत.

विमानाचे आणि पगाराचे प्रश्न आमच्यात चार दिवसांत संपले. झोपेचा आणि ‘नाही’ म्हणण्याचा प्रश्न सुटायला वर्षाहून जास्त लागलं. म्हणून लिहितानाही त्या दोघांनाच जास्त जागा दिली आहे.

माणूस आणि त्याची नोकरी

वय सदतीस. गाव वेंगुर्ला तालुक्यातलंच. वडिलांची हापूसची सव्वाशे कलमं, आई घरी, बायको कुडाळला शाळेत शिक्षिका, एक मुलगी. याने व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेतला तो २०१२ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात किंगफिशरची विमानं जमिनीवर आली. हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरी शोधत फिरत असताना दोनशे तासांच्या पोराला कोण विचारणार? एका उद्योगसमूहाच्या विमान विभागात जमिनीवरच्या कामाला लागला. दीड वर्षाने को-पायलट झाला आणि पुढे कॅप्टन. विमान सायटेशन सीजे२ प्लस, मुंबईत कालिना बाजूला उभं असायचं.

ज्यांनी ही नोकरी जवळून पाहिलेली नाही त्यांना ती चैनीची वाटते. प्रत्यक्षात तिथला कॅप्टन म्हणजे अख्खी विमानकंपनी असतो. फ्लाइट प्लॅन त्याचा, इंधनाचा हिशोब त्याचा, उतरायची जागा मिळवण्यासाठी फोनाफोनी त्याची, साहेबांच्या बॅगा नीट लागल्या का, चहा गरम आहे का, परतताना पाहुणे दोनाचे चार झाले तर वजन बसतं का, हेही त्यानेच बघायचं. मला या कामाबद्दल आदर आहे. या माणसाला हवामान वाचता येत होतं, लहान धावपट्ट्या ठाऊक होत्या आणि माणसं सांभाळता येत होती. मोठ्या कंपनीत डिस्पॅचरने (जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणाऱ्याने) तयार करून दिलेला कागद फक्त सही करून घेणाऱ्यांपेक्षा हा पुष्कळ तयार होता.

दुखणं वेगळं होतं. वर्षाला उड्डाण जेमतेम अडीचशे तास, आणि बाकीचं वर्ष वाट पाहण्यात. फोन कधीही वाजायचा. नऊला निघायचं म्हणून सातला तयार राहायचं, बैठक लांबली की दुपार, मग संध्याकाळ, मग ‘उद्या बघू’. बारा वर्षांत गणेश चतुर्थीला तो घरी पाच वेळा पोचला. कोकणातल्या माणसाला हा आकडा कसा लागतो ते वेगळं सांगायला नको. बाकीच्या वर्षी बायको मुलीला घेऊन एकटीच गावी यायची आणि माटवी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) बांधायला शेजारचा कोणी हाताशी घ्यायची.

आणखी एक प्रसंग तो पहिल्या भेटीत बोलला नाही, तिसऱ्या भेटीत बोलला. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. परुळ्याच्या सड्यावरची २,५०० मीटरची धावपट्टी त्याच्या विमानाला भरपूर होती आणि गाव तिथून हाकेच्या अंतरावर. एका जुलैत साहेबांना तिथे कार्यक्रमाला यायचं होतं. आपल्याकडे जुलैत सड्यावर ढग कसा बसतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: समुद्रावरून वारा चढतो आणि बघता बघता पठार पांढरं होतं. ठरलेल्या उंचीपर्यंत आला, धावपट्टी दिसली नाही, वर गेला. पुन्हा आला, पुन्हा नाही. मग विमान गोव्याला नेलं. मागून निरोप आला होता, ‘अजून एकदा बघा, खाली माणसं थांबलीत.’ त्याने बघितलं नाही. पुढचे पंधरा दिवस साहेब त्याच्याशी बोलले नाहीत. कोणी रागावलं नाही, पगार कापला नाही, पण पंधरा दिवस अबोला.

‘‘सर, मी बरोबर होतो ना?’’ त्याने मला विचारलं.

इतकी वर्षं कॅप्टन असलेला माणूस हे विचारतो, यातच त्या नोकरीचं सगळं ओझं आहे. नियम त्याच्या बाजूने होते. पण त्या विमानात ‘नाही’ म्हणायचं ते एका माणसाला, तोंडावर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच दारात उभं राहायचं.

समोर आलेली संधी

एका मालवाहू कंपनीने बोईंग ७३७-८०० साठी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, मागवले होते. हे प्रवासी विमानाचंच रूपांतर असतं: खिडक्या बुजवलेल्या, डाव्या बाजूला मोठा दरवाजा कापलेला, जमिनीला पॅलेट, म्हणजे माल बांधलेले सपाट पाट, सरकवायचे रूळ. आपल्या देशात कार्गोचा धंदा बराच काळ मुख्यतः ब्लू डार्टच्या ७५७ विमानांभोवती फिरला. अलीकडे ७३७-८०० आली, एअरबसची रूपांतरित विमानंही आली, ऑनलाइन खरेदी वाढली. जागा निघू लागल्या त्या यामुळे.

त्याच्या आकड्यांकडे बघू. एकूण तास तीन हजारांच्या आसपास, त्यातले एकोणीसशे कॅप्टन म्हणून. पंधराशे तासांची अट असलेला एटीपीएल, म्हणजे वैमानिकाचा सगळ्यात वरचा परवाना, हातात. कागद उत्तम. अडचण एवढीच की त्याचं विमान पूर्ण भरल्यावर ५,६७० किलोचं. नव्या विमानात नुसता मालच सुमारे चोवीस टन जातो, म्हणजे त्याची चार भरलेली जेट विमानं मालाच्या जागी ठेवली तरी थोडं वजन उरेल. म्हणून कंपनी त्याला उजवी सीट देणार होती. कॅप्टनचा पुन्हा को-पायलट.

वडिलांना हे पटेना. बारा वर्षांनी पायरी खाली का उतरायची? आणि तीही माणसं सोडून खोकी वाहायला? त्यांच्या बोलण्यातला सल मला कळत होता. विमानात कोण बसतं यावरून गावात वैमानिकाची किंमत होते. मी त्यांना फेडेक्सची गोष्ट सांगितली. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेम्फिसहून त्या कंपनीची चौदा विमानं उडाली, १८६ पाकिटं घेऊन, पंचवीस शहरांकडे. ती विमानं होती फाल्कन २०, म्हणजे मूळची साहेबलोकांची जेट, सीटा काढून मालाचा दरवाजा बसवलेली. रात्रीच्या कुरिअरचा हा सगळा धंदा उभा राहिला तो या मुलाच्या आत्ताच्या विमानासारख्याच विमानांतून. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, ‘‘आपले आंबे जातात काय त्यातून?’’ जातात म्हटल्यावर मात्र विरोध निवळला.

आईचा प्रश्न याहून धारदार होता, आणि तेव्हा तो आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नाही. ती म्हणाली, ‘‘रातभर तू इमान चलवतलंस, मगे निजतलंस खंय?’’

आम्ही सगळे ‘कधी’ झोपणार याचा विचार करत होतो. तिने ‘कुठे’ विचारलं होतं.

झोपेची परीक्षा

मालवाहू विमानाचा दिवस संध्याकाळी उशिरा सुरू होतो. शहरातली दुकानं, गोदामं बंद होतात, माल गोळा होतो, अकरा-बारानंतर विमानं निघतात, एका मध्यवर्ती तळावर अदलाबदल होते आणि उजाडायच्या आत माल मुक्कामाला पोचतो. शरीराचं घड्याळ सगळ्यात मंद असतं ते साधारण दोन ते सहा या वेळेत, आणि नेमकं याच वेळात कार्गोवाला उतरत असतो.

यातला धोका मला पुस्तकातून सांगायचा नव्हता, पण एक अपघात सांगितल्याशिवाय राहवलं नाही. १४ ऑगस्ट २०१३, अमेरिकेतलं बर्मिंगहॅम, यूपीएसचं एअरबस ए३००. पहाट व्हायच्या आधी धावपट्टीच्या अलीकडे टेकडीला लागलं, दोघंही वैमानिक गेले. चौकशीत इतर कारणांबरोबर थकवाही नोंदला गेला. त्यात फर्स्ट ऑफिसरच्या बाबतीत स्पष्ट लिहिलं आहे की मिळालेला मोकळा वेळ झोपेसाठी नीट वापरला गेला नव्हता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात उड्डाणाआधी दोघं बोलत आहेत ते यावरच: प्रवासी वैमानिकांना मिळणारे विश्रांतीचे नवे नियम मालवाहूंना का नाहीत. मी हा अहवाल अनेक वर्गांत शिकवला. तो संवाद आला की आजही माझा आवाज बसतो. थकवा म्हणजे काय ते त्या दोघांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांना तो चढला.

म्हणून मी त्याला म्हटलं, राजीनामा द्यायच्या आधी सोळा दिवस रजा काढ आणि ही नोकरी घरी बसून कर. चार रात्री ड्यूटी, दोन दिवस सुट्टी, पुन्हा चार रात्री, असं चक्र. रात्री दहा ते सकाळी सहा जागं राहायचं आणि त्या वेळात ७३७ ची पुस्तकं वाचायची. दर दिवशी संध्याकाळी सहाला मी त्याला वजन आणि समतोलाची दहा गणितं देणार, आणि तशीच दहा पहाटे साडेतीनला फोनवर. मी गजर लावून उठायचो. माझी बायको म्हणाली, निवृत्तीनंतरही तुमची नाइट ड्यूटी सुटली नाही.

रजा मिळाली ती मे महिन्यात. आंब्याच्या दिवसांत कोकणातलं घर कसं असतं? सकाळी सातला गडी येतात, खळ्यात पेट्या ठोकल्या जातात, पेंढा पसरतात, आंबे निवडतात, वाशीला जाणारा टेम्पो हॉर्न वाजवत दारात येतो. नऊला पंप सुरू. अकराला कोणीतरी मुंबईकर नातेवाईक, ‘अरे, झोपलाय काय अजून? बरं नाही काय?’ पहिल्या दिवशी तो पाच तास झोपला, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी साडेतीन. संध्याकाळच्या गणितांत रोज एखादी चूक असायची. तिसऱ्या पहाटे चार चुका झाल्या.

चुकांपेक्षा वाईट ते पुढे आहे. मी विचारलं, ‘‘कशी गेली गणितं?’’ तो म्हणाला, ‘‘सोपी होती.’’

हे मी त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, झोप झाल्यावर, कागद समोर ठेवून दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही, असं आपण नुसतं म्हणतो. त्याला ते स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळालं. चौथ्या सकाळी तो स्कूटरवरून दूध आणायला निघाला होता. त्याच्या बायकोने किल्ली काढून घेतली, आणि रात्रीच्या ड्यूटीनंतर गाडी चालवायची नाही हा त्या घरातला पहिला नियम झाला.

दुसऱ्या चक्रासाठी जागा बदलली. सावंतवाडीला तिच्या भावाची मागची खोली रिकामी होती. खिडकीला जाड गोधडी लावली, पंख्याचा आवाज चालू ठेवला, फोन बाहेरच्या खोलीत. रात्री ड्यूटीआधी साडेआठला चाळीस मिनिटं पडायचं ठरवलं. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात चाळीस मिनिटांच्या विश्रांतीत सरासरी सव्वीस मिनिटं झोप लागली आणि तेवढ्यानेही सतर्कता वाढली होती. हा अहवाल १९९४ चा आहे आणि डुलकीला आळस समजणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवतो. सावंतवाडीत तो सलग सहा-साडेसहा तास झोपू लागला. पहाटेच्या चुका एक-दोनवर आल्या.

आईच्या ‘खंय’चं उत्तर मिळालं. ड्यूटीच्या चार रात्री तळाच्या शहरात अंधाऱ्या खोलीत काढायच्या आणि घरी यायचं ते फक्त सुट्टीला. सकाळी उतरून गोव्यातल्या मोपा विमानतळाचं विमान पकडून दुपारी जेवायला घरी, हा त्याने मनात रंगवलेला बेत तिथेच संपला. २०२३ च्या जानेवारीत मोपा सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या बऱ्याच जणांना असे बेत सुचतात. अंतर खरंच कमी झालंय. पण प्रवासात गेलेली सकाळ ही झोपेतून गेलेली सकाळ असते. याबाबत मी कोणाशीही तडजोड करत नाही.

बायकोचे प्रश्न

पैशांचं तिने एका पानावर मांडलं होतं. पहिली दोन-तीन वर्षं पगार आताच्यापेक्षा कमी, नंतर बरोबरीला, कॅप्टन झाल्यावर जास्त. घराचा हप्ता तिच्या पगारातून भागत होता. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचा आणि मान्यतेचा, खर्च कंपनी करणार आणि त्या बदल्यात तीन वर्षांचा बॉण्ड. यापुढे मला फार काही सांगावं लागलं नाही. एक गोष्ट मात्र तिच्या पानावर नव्हती. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) २०१७ च्या नियमाप्रमाणे विमानकंपनी सोडताना फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, वर्षाची नोटीस द्यावी लागते. आत्ताच्या नोकरीत करारानुसार तीन महिने होते. म्हणजे एकदा आत गेलं की लगेच बाहेर पडता येत नाही.

तिने विचारलं, ‘‘काका, रजा कोण देणार? तिथे साहेब नाही म्हणजे मागायचं तरी कोणाकडे?’’

मला हा प्रश्न फार आवडला. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, महिन्याचं आधी येतं, सुट्ट्यांसाठी पसंती टाकता येते, पण ज्येष्ठतेने मिळतं, आणि हा सगळ्यात कनिष्ठ असणार. शिवाय दसरा-दिवाळीच्या आधी ऑनलाइन विक्रीचा पूर येतो, त्या महिन्यात रजेची आशाच धरू नये. गणपती बहुतेक वर्षी या गर्दीच्या आधी येतात. ‘‘दिवाळी जाईल, गणपती बहुधा मिळतील,’’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘‘मग चालेल.’’ या घराचा निर्णय खऱ्या अर्थाने त्या क्षणी झाला असं मला वाटतं.

विश्रांतीच्या नियमांबद्दलही बोललो. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर केले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. वर्षाला हजार तासांची कमाल मर्यादा जुनीच. मी त्याला सांगितलं, वर्तमानपत्रातल्या आकड्यांवर जाऊ नकोस. मुलाखतीत विचार की रात्रीच्या कामासाठी यातलं काय कसं लागू आहे, आणि तुमच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमधलं ते पान दाखवा. त्याने विचारलं. त्यांनी पान दाखवलं. मला त्या कंपनीबद्दल विश्वास वाटला तो या एका गोष्टीमुळे.

पडवीतलं कॉकपिट

सिम्युलेटरच्या चाचणीत पहिल्यांदा तो अडखळला. विमान सांभाळायला कमी पडला नाही. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद केलं तरी रेघेवर ठेवलं, धावपट्टीच्या रेडिओ-संकेतांवर (आयएलएस) हाताने उतरवलं. परीक्षकाचा शेरा होता: दुसऱ्या वैमानिकाचं काम स्वतःच उरकतो.

हा शेरा कॉर्पोरेटमधून येणाऱ्या बहुतेकांना मिळतो. बारा वर्षं एकच विमान, बहुतेक वेळा तोच जोडीदार. डोळ्याने खूण झाली की समजतं. कधी न बोलताच हात पुढे जातो, काम होऊन जातं, आणि विमान छान चालतं. मालवाहू कंपनीत आज रात्री शेजारी बसलेला माणूस पुन्हा दोन महिने दिसणार नाही. तिथे सवयीची भाषा चालत नाही, ठरलेले शब्दच चालतात. विमान चालवणाऱ्याने मागायचं, दुसऱ्याने करायचं, तोंडाने सांगायचं. गिअर, म्हणजे चाकं, वर घ्यायला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, मग कितीही उघड असो.

कंपनीने सहा आठवड्यांनी दुसरी संधी दिली. ७३७ च्या कॉकपिटची मोठी चित्रं मिळतात, ती माझ्या पडवीच्या भिंतीला लावली. दोन खुर्च्या मांडल्या. पावसाळा लागला होता, कौलांवरून धारा पडत होत्या, आणि आम्ही दोघं संध्याकाळी भिंतीवरची बटणं दाबत होतो. मी मुद्दाम कधी चुकीचं बोलायचो, कधी गप्प राहायचो. गप्प राहिलो की त्याचा हात आपोआप पुढे यायचा. चौदाव्या-पंधराव्या दिवशी तो हात मांडीवर थांबायला लागला. तोंडाने विचारलं, ‘‘गिअर?’’ मी म्हटलं, झालं तुझं.

यात एक गोष्ट मी त्याला सोडू दिली नाही. उजव्या सीटवर बसला म्हणून कॅप्टनची नजर घरी ठेवायची नाही. हवामानाबद्दल, इंधनाबद्दल जे दिसेल ते बोलायचं, फक्त ठरलेल्या पद्धतीने. काही जण नव्या कंपनीत इतके आज्ञाधारक होतात की अनुभव असून नसल्यासारखा. तेही तितकंच घातक.

मालाशी ओळख

दुसऱ्या खेपेला पास झाला. टाइप रेटिंग, मग लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणांवरचं प्रशिक्षण. या काळात त्याचे फोन मालाबद्दल असायचे, आणि मला ते फार बरं वाटायचं. माणसं स्वतः चढतात, पट्टा बांधतात, तक्रार करतात. माल बोलत नाही. तो नीट बांधलाय का हे तुम्हालाच जाऊन बघावं लागतं.

२९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानातल्या बगराम इथे उड्डाण होताच एक ७४७ मागे कलून कोसळलं. आत चिलखती गाड्या होत्या, त्यांतली किमान एक सुटून मागे सरकली होती. सात जण गेले. त्यामुळे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायचो की लोडशीटवर (मालाच्या वजनाच्या कागदावर) सही घ्यायला येणारा माणूस कितीही घाईत असला तरी टॉर्च घेऊन मेन डेकवर, म्हणजे मालाच्या मुख्य मजल्यावर, एक चक्कर मारा, पॅलेटची कुलपं हाताने बघा. याला सांगावं लागलं नाही. बारा वर्षं साहेबांच्या बॅगा स्वतः मोजून ठेवलेला माणूस पहिल्या रात्रीपासून मागे जाऊन यायला लागला. त्याच्या ट्रेनिंग कॅप्टनने फाइलमध्ये हे लिहिलं आहे.

आगीचं प्रकरण त्याला नवीन होतं. छोट्या जेटमध्ये धूर झाला तर उतरायचं, एवढंच डोक्यात असतं. या विमानाच्या मेन डेकवर आग विझवायची यंत्रणा नाही. हवा बंद करायची, मास्क लावून केबिनचा दाब सोडायचा, ऑक्सिजन कमी करून आग दडपायची, आणि तेवढ्यात जवळचा विमानतळ गाठायचा. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईला यूपीएसचं ७४७ लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला लागलेल्या आगीत गेलं. कॉकपिट धुराने भरलं होतं, समोरची यंत्रं दिसत नव्हती. म्हणून धोकादायक मालाचा जो कागद कॅप्टनच्या हातात देतात, तो हा दोनदा वाचतो. कोणत्या पॅलेटवर काय आहे ते उतरेपर्यंत त्याच्या लक्षात असतं.

पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री वडिलांना फोन आला. मेन डेकवर आंब्याचे पॅलेट होते. कोणाचे, कुठले, ते खोक्यांवर लिहिलेलं होतं, देवगडचे. आंबा तोडल्यानंतरही श्वास घेतो, उष्णता सोडतो, त्यामुळे हवा किती गार ठेवायची याची सूचना कागदावर असते. वडिलांना हे फार महत्त्वाचं वाटलं. ‘‘किती ठेवलंस?’’ त्यांनी विचारलं, आणि आकडा ऐकून म्हणाले, ठीक आहे.

सध्या

नोकरीला चौदा महिने झाले. साडेसहाशे तास उडाला आहे, म्हणजे जुन्या नोकरीतले अडीच वर्षांचे तास. गणपतीला पाच दिवस घरी होता. दिवाळीत नव्हता. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आला, पण खुर्चीत झोपला, आणि तिला त्याचं वाईट वाटलं. हे मी लपवत नाही. वजन तीन किलो वाढलं, रात्री दोनचा वडापाव बंद करायला सांगितलं आहे. कमांडरपदाचा विचार बॉण्ड संपल्यावर. तेव्हा नोटीस वर्षाची होईल, आणि तो निर्णयही नव्याने घ्यावा लागेल. आईची तब्येत तेव्हा कशी असेल यावर बरंच अवलंबून आहे.

झोपेची वही तो अजून ठेवतो. किती वाजता पडला, किती झोपला, कशामुळे उठला. गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. तळाच्या शहरात त्याच्या इमारतीत दिवसभर ड्रिलिंग चालू होतं. सकाळपासून दोन तास झोप झाली होती, आदल्या दिवशी चार. चौथी रात्र होती आणि दोन सेक्टर, म्हणजे दोन उड्डाणं, होती.

‘‘काका, आज फटीग लिहिलं,’’ तो म्हणाला. ‘‘ड्यूटीवर नाही येत म्हणून कळवलं.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘काही नाही. स्टँडबायवाल्याला बोलावलं. फॉर्म भरायला सांगितला.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘एवढंच? असं वाटलं.’’

‘‘जेवलास?’’

‘‘हो.’’

‘‘मग फोन बाहेरच्या खोलीत ठेव आणि झोप,’’ मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. नऊ तास वीस मिनिटं.